कोयरीची आतली कडी

वामनरावांच्या डोक्यात ती गाडी शिरली ती साहेबाच्या रद्दीतून. सरकारी बांधकामाच्या कचेरीत ते नकाशे काढत, आणि साहेब वाचून झालेली विलायती मासिकं त्यांच्या टेबलावर टाकून जाई. बाकीचे कारकून त्यांतल्या मडमा बघत, वामनराव पूल बघत. एका अंकात त्यांना मोटारीमागे जोडलेली एक एवढीशी खोली दिसली. दोन चाकं, एक दार, आत दोन माणसांना निजण्यापुरती गादी, आणि मागचं झाकण वर केलं की चक्क स्वयंपाकाचा ओटा. पुढून गोल फुगीर, मागे निमुळती होत गेलेली. खाली लिहिलं होतं की कोणीही धडधाकट माणूस ही आपल्या अंगणात स्वतः बांधू शकतो.

वामनरावांनी त्या दिवशी संध्याकाळी आरशात पाहिलं आणि आपण धडधाकट आहोत असं ठरवलं.

मासिक घेऊन ते स्वयंपाकघरात गेले तेव्हा शामलाबाई पाहुण्यांच्या पोळ्या लाटत होत्या. कोणत्या पाहुण्यांच्या, हे विचारण्यात अर्थ नव्हता. नागपूर म्हणजे प्रांताची राजधानी, आणि राजधानीत नातेवाईक असला की वऱ्हाडातला माणूस धर्मशाळेचं तोंड बघत नाही. कोणाचा खटला, कोणाची परीक्षा, कोणाची दाढ. सगळ्यांचा मुक्काम महालातल्या वामनरावांच्या तीन खोल्यांत. राजधानीत घर असणं हा काही गुन्हा नाही, पण शिक्षा मात्र रोज भोगावी लागते, आणि ती बहुतेक करून बाईला.

शामलाबाईंनी चित्राकडे पाहिलं. हात पिठाचे होते म्हणून मासिक वामनरावांनीच धरलं.

"दार आहे?"

"आहे की. हे बघ."

"आतून कडी?"

वामनरावांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. विलायती चित्रकाराने कडी काढली नव्हती. "असणारच," ते म्हणाले. "दार म्हटलं की कडी आलीच."

"मग बांधा," शामलाबाई म्हणाल्या. "मला रामटेक दाखवू नका, तळं दाखवू नका. दोन दिवस मला आतून कडी लावून बसायचं आहे, आणि बाहेरून कोणी 'वहिनी' म्हणून हाक मारायची नाही. लग्न झाल्यापासून या घरात मी आतून कडी लावली ती न्हाणीघराची, आणि तिथेही लोक मीठ कुठाय म्हणून विचारतात."

हे त्या रागाने बोलल्या नाहीत. पोळी लाटता लाटता, मीठ कुठाय हे सांगावं तशाच आवाजात बोलल्या. वामनरावांच्या मनाला ते फार लागलं. "माघात जाऊ," त्यांनी शब्द दिला. तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती.

काम सुरू झालं आणि पहिली अडचण आली ती आकाराची. चित्र एवढंसं, आणि तो फुगीर बाक काही केल्या कागदावर उतरेना. वामनरावांनी आयुष्यभर सरळ रेघा ओढलेल्या. सडक सरळ, कालवा सरळ. शेवटी शामलाबाईंनी देवघरातून हळदीकुंकवाची पितळी कोयरी आणून त्यांच्या पाटावर ठेवली. "हेच ना?" हेच होतं. वामनरावांनी तिच्याभोवती पेन्सिल फिरवली, एका इंचाला तीन फूट या मानाने ती मोठी केली, आणि कागदाच्या कोपऱ्यात सवयीने उत्तरेचा बाणही काढला. असा बाण काढल्याशिवाय त्यांच्या हातून कागद सुटतच नसे. तेव्हापासून गाडीचं नावही कोयरीच पडलं.

अंगणाच्या पलीकडच्या बिऱ्हाडात शोभाताई राहत. त्यांना दुसऱ्याच्या कामाची फार काळजी. त्या रोज सकाळी तुळशीला पाणी घालायला येत आणि तुळस बुडेपर्यंत उभ्या राहत.

"वामनराव, मोटार कुठाय?"

"मोटार हा पुढचा प्रश्न आहे."

"ती पुढेच असते ना, म्हणून विचारून राहिले."

वामनरावांनी करवत जोरात चालवली.

दुसऱ्या दिवशी शोभाताईंनी निराळाच मुद्दा काढला. "उशी कोणत्या अंगाला?"

"पुढच्या."

"पुढचं अंग म्हणजे कोणती दिशा? डोकं उत्तरेला नको हो. घर बांधताना माणूस आधी हे बघते."

"शोभाताई," वामनराव करवत खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "चाकांवरच्या घराला दिशा नसते. ते जिकडे जाईल तिकडे त्याचं तोंड."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की कचेरीतही त्यांनी दोघांना ऐकवलं. पुढे ते त्यांना गिळावं लागलं, पण ते पुढे.

फळ्यांसाठी ते गांधीबागेच्या बाजूला हिंडले आणि एका चहावाल्या व्यापाऱ्याकडून चहाच्या रिकाम्या पेट्या घेऊन आले. पातळ, वाकणारं, हलकं लाकूड. कोयरीच्या बाकाला असंच हवं होतं. कवडू सुतार मदतीला होता. कवडू म्हणजे महालातला नावाजलेला माणूस, पण त्याचं नाव पेट्यांसाठी होतं. लग्नाची पेटी, बाळंतिणीची पेटी, दुकानाची पेटी. दोन चाकांची खोली त्याने कधी पाहिली नव्हती, आणि पाहिली नाही हे कबूल करणारा तो नव्हता.

"साहेब, तुम्ही नकाशा काढा, बाकी कवडू पाहून घेते," असं म्हणून त्याने पेट्यांच्या फळ्यांची छापील बाजू आतून घेतली. का, तर बाहेरून शोभा जाते. त्यामुळे गादीवर उताणं निजलं की डोळ्यांसमोर मोठ्या काळ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं दिसे: हे ओलसर जागी ठेवू नये. आणि आत शिरलं की चहाचा असा दरवळ येई की जीभ कोरडी पडावी. चहाच्या फेऱ्यांतून सुटण्यासाठी बायकोला बांधून दिलेल्या खोलीला चहाचा वास यावा, याचं वामनरावांना वाईट वाटलं. शामलाबाई म्हणाल्या, "वास चालेल. वासाला साखर लागत नाही."

चाकं भंगारातून आली. दोन्ही जुन्या मोटारींची होती. मोटारी मात्र दोन वेगवेगळ्या होत्या, हे कोयरी चाकांवर उभी राहिल्यावर कळलं. उजवं चाक बोटभर मोठं होतं. कोयरी डावीकडे झुकून उभी राहिली, जणू शेजारणीच्या कानात काही सांगते आहे. वामनरावांनी पाण्याची नळी लावून उतार मोजला. कवडूने आत निजून मोजला.

"उजवीकडचा मानूस डावीकडं घसरते," तो बाहेर येऊन म्हणाला.

"मग?"

"मग काय साहेब! नवरा-बायकोची गाडी हाय. बिघडलं कुठं?"

पन्नाशीला टेकलेले वामनराव कानापर्यंत लाल झाले आणि चाकाचा विषय तिथेच मिटला.

आता वाचणाऱ्यांना वाटेल की पुढे कोयरी महालाच्या गल्लीत अडकली असणार. अजिबात नाही. वामनराव नकाशे काढणारे होते. त्यांनी पहिला खिळा ठोकायच्या आधी गल्ली मोजली होती, मुतारीचं वळण मोजलं होतं, आणि तिथे बसणाऱ्या पानवाल्याचं पोटसुद्धा अंदाजात धरलं होतं. गल्लीने त्यांना दगा दिला नाही. दगा दिला तो कडीने.

संक्रांतीनंतर रंग वाळला तेव्हा शामलाबाई पहिल्यांदा कोयरी बघायला गेल्या. दाराला बाहेरून चांगली हातभर पितळी कडी होती. त्या आत शिरल्या, दार ओढून घेतलं आणि लगेच बाहेर आल्या.

"आतून?"

वामनरावांनी कवडूकडे पाहिलं. कवडूने वामनरावांकडे पाहिलं.

"साहेब, पेटीले आतून कडी कोन लावते?"

"अरे, ही पेटी नाही! माणसं राहणार आहेत आत!" राग आला की वामनरावांची भाषा वऱ्हाडात जाई. "तुले शंभर वेळा सांगतलं!"

खरं म्हणजे त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. नकाशावर सगळं होतं: ओटा, बिजागरी, उत्तरेचा बाण. आतली कडी नव्हती. कवडू म्हणाला, उद्या लावतो. कवडूचा उद्या हा पंचांगात नसलेला दिवस होता.

शामलाबाई आत जाऊन पोळ्या लाटायला बसल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि त्याच रात्री चंपतराव कोयरीत निजले.

चंपतराव म्हणजे वामनरावांच्या मावसबहिणीचे दीर. शेताच्या बांधाचा खटला घेऊन ते पोळ्यानंतर दोन दिवसांसाठी म्हणून आले होते, आणि वकील तारखा पाडत होता. माणूस मनाचा मोकळा, अंगाने भरदार, आणि ओसरीवर निजला की त्याच्या पायांना ओलांडून जावं लागे. "नवं घर रिकामं ठेवू नाई," त्यांनी जाहीर केलं. "मुंग्या घर करतेत. मी निजतो आज." सकाळी ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता.

"वामनराव, काय चीज बांधली गा तुम्ही! कणगीत निजल्यावानी ऊब हाय. ना मच्छर, ना कोनाचा पाय. मले अशी झोप माह्या लग्नाआधी लागत होती." आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, "वहिनी, चहा इकडंच द्या, इथंच पितो."

अशा रीतीने घरातली एक खोली वाढली आणि चहाची एक फेरी वाढली. परीक्षेला आलेल्या पाहुण्यांनीही कोयरीत अभ्यासाला बसायला पाळी लावली. दाढवाले पाहुणे दुपारी तिथे विसावू लागले. वामनरावांनी बायकोसाठी बांधलेल्या खोलीत बायको सोडून सगळे राहू लागले, आणि पाहुण्याला ऊठ म्हणणं ही गोष्ट त्या घरात कोणाला शिकवलेलीच नव्हती. शामलाबाई कपबशी घेऊन अंगण ओलांडत. कोयरीच्या दारावर टकटक करत. वामनराव खिडकीतून ते बघत आणि पेन्सिलीला उगाच टोक करत बसत.

"माघ निघून जाईल," एक दिवस ते स्वतःशीच म्हणाले, आणि रजेचा अर्ज टाकला.

मोटारीचा प्रश्न शोभाताईंनीच सोडवला. त्यांचा दीर मधुसूदन विम्याचा एजंट होता आणि त्याच्याकडे एक म्हातारी मोटार होती. ती उतारावर आपण होऊन सुरू होई आणि सपाटीवर चार माणसांनी ढकलल्यावर. "तुमची कोयरी मागे, माझी मोटार पुढे," मधुसूदन म्हणाला. "पण वामनराव, परवाना काढा. चाकं म्हटलं की चाकपट्टी आली."

चाकपट्टीच्या कचेरीतला कारकून पान खात होता आणि त्याला ते पान संपवायची घाई नव्हती.

"वाहन कोणतं?"

"मोटारीमागची निजण्याची गाडी."

"बैल किती?"

"नाहीत."

"घोडा?"

"नाही हो."

"मोटार तुमची?"

"दुसऱ्याची."

"मग तुमचं काय आहे?" कारकुनाने पहिल्यांदाच वर पाहिलं.

"मागचं."

"त्यात माणसं निजतात? चूल आहे? मग ते घर झालं. घरपट्टी त्या टेबलावर."

त्या टेबलावरच्या गृहस्थांनी विचारलं, "पाया किती खोल?" वामनराव म्हणाले, पाया नाही, चाकं आहेत. "चाकं? मग ते त्या टेबलावर." असं दोन टेबलांच्या मधे वामनराव दुपारभर चालले. दोन्ही टेबलांमधलं अंतर त्यांनी सवयीने पावलांनी मोजलं आणि आपल्या आयुष्यात याहून निरुपयोगी मोजणी झाली नाही असं त्यांचं मत पडलं. शेवटी पानवाल्या कारकुनाला दया आली. "तुम्ही ती स्वतः ढकलू शकता?" वामनराव म्हणाले, सपाटीवर, हो. "मग हातगाडी." आणि सरकारी नोकरीत केस पांढरे केलेल्या त्या गृहस्थाच्या हातात केळी विकणाऱ्यांच्या गाडीला लावतात तसला पत्र्याचा नंबर आला. त्यांनी तो रुमालात गुंडाळून घरी आणला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी वामनरावांनी धीर एकवटला. "चंपतराव, आजच्या रात्री तुम्ही ओसरीवर निजा बरं का. उद्या पहाटे आम्ही कोयरी घेऊन निघतो. गादी घालून ठेवली आहे."

"हो हो, बेलाशक!" चंपतराव म्हणाले. ते बोलताना त्यांचा जीव मात्र कोयरीतच होता. हे वामनरावांच्या लक्षात आलं नाही.

पहाटे धुकं होतं. पाहुणे ओसरीवर डोक्यावरून पांघरूण घेऊन आडवे होते. किती होते ते कोणी मोजलं नाही. वामनरावांनी कोयरीची बाहेरची पितळी कडी नीट घातली, शामलाबाई मोटारीत बसल्या, शोभाताईंसकट चौघांनी ढकललं, आणि सारी मिरवणूक महालातून बाहेर पडली. गल्लीच्या वळणावर कोयरीतून धाड धाड आवाज आला.

"भांडी," वामनराव म्हणाले.

पुढे आणखी आला. "भांडी," ते म्हणाले. "पातेलं सैल राहिलं वाटतं."

कामठी रस्त्यावरच्या नाक्यावर एरवी बाहेर जाणाऱ्याला कोणी अडवत नसे. पण हातगाडीचा नंबर लावलेली, डावीकडे झुकलेली, मोटारीला बांधलेली एवढी मोठी कोयरी रोज दिसत नाही. नाक्यावरचा कारकून शेकोटी सोडून आला.

"आत काय?"

"काही नाही. गादी आणि भांडी."

"उघडा."

वामनरावांनी पितळी कडी काढली आणि दार ओढलं. दार हललं नाही. त्यांनी पाय लावून ओढलं. "थंडीनं फुगलं असेल," ते म्हणाले.

कारकुनाने दारावर बोट टेकवलं. "आतून लावलंय."

"शक्य नाही!" वामनराव ताठ उभे राहिले. "या दाराला आतून कडीच नाही. विचारा यांना. याच गोष्टीवरून आमच्या घरी महिनाभर…"

आतून खाकरल्याचा आवाज आला. मग जांभई. मग एक दमदार, झोपाळलेला आवाज नागपूरच्या वेशीबाहेर घुमला:

"कोन हाय गा? वहिनी, चहा झाला काय?"

मधुसूदन मोटारीच्या चाकाआड जाऊन वाकला, तो हसायला. कारकून दोन पावलं मागे सरला. वामनरावांनी बायकोकडे पाहिलं. शामलाबाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर हसू कोणतं आणि रडू कोणतं हे वामनरावांना ओळखता यायला हवं होतं. त्यांना वाटलं हसू.

ते रडू होतं.

आतून 'खट्' झालं. दार उघडलं आणि बंडी-धोतरातले चंपतराव पाय खाली सोडून बसले. "ओसरीवर झोप लागेना, म्हून रातीच इथं येऊन पडलो. मले वाटलं धरणी हालून रायली. उठलो, दार उघडाले गेलो, तं बाहेरून बंद. लय ठोकलं. मंग म्हटलं, जाईल तिकडं जाईल. कडी लावली न पडलो पुन्हा." त्यांनी भोवताली पाहिलं. "हे कोनतं गाव?"

शामलाबाई मोटारीतून उतरल्या आणि त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, मी घर सोडून वेशीबाहेर आले," त्या म्हणाल्या. "इथेही चहाच मागता?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता. पण चंपतरावांनी पाय वर घेतले, मग खाली सोडले, मग ते उतरून उभेच राहिले.

"वहिनी… हे तुमच्यासाठी होतं काय? मले वाटलं, पावण्यायसाठी बांधलं."

"माझ्यासाठी होतं. आतून कडी लावून बसायला."

"मंग मले कोनी सांगतलंच नाई न बाप्पा!" त्यांनी वामनरावांकडे असं पाहिलं की वामनरावांनी पत्र्याच्या नंबराकडे पाहिलं. "कडी तं हाय. म्या दुसऱ्याच दिवशी लावली. शोभाताईची मांजर येते न रात्री, म्हून. माह्या टरंकेची काढून लावली."

शामलाबाई आत वाकल्या. दाराच्या आतल्या अंगाला, बरोबर त्यांच्या हाताच्या उंचीवर, एक बोटभर लोखंडी कडी होती. नवऱ्याने नकाशात काढली नव्हती, सुताराने लावली नव्हती. ज्याच्यापासून लपायचं होतं त्यानेच आपल्या ट्रंकेची उपटून ती तिथे ठोकली होती. त्यांनी ती लावून पाहिली. काढून पाहिली. पुन्हा लावून पाहिली.

"छान बसते," त्या डोळे पुसून म्हणाल्या.

"जा तुम्ही," चंपतराव म्हणाले. "घरी मी पायतो. परीक्षावाल्यायले भात टाकीन."

"तुम्हाला येतो भात?"

"वहिनी, मी सायबाच्या कोर्टात उभा रायतो. भातापुढं उभं रायता येत नाई काय?"

निघायची वेळ झाली आणि मधुसूदनच्या मोटारीने जाहीर केलं की तिला आता यायचं नाही. ढकलली, पुन्हा ढकलली, नाक्यावरच्या कारकुनानेही हात लावला. मोटार ढिम्म. वामनराव रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. त्यांचा चेहरा असा झाला की कारकुनाने आपणहून त्यांना शेकोटीजवळ बोलावलं.

तेवढ्यात रुपराव नावाचा एक शेतकरी रिकामी बैलबंडी घेऊन परत चालला होता. संत्री शहरात उतरवून तो कन्हान नदीपलीकडच्या आपल्या गावाला निघालेला. चंपतराव रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. "थांब गा! तुह्या गावाले तळं हाय काय?"

"हाय न."

"लोक लय बोलते काय?"

रुपरावाने विचार केला. "माही बायको बोलते."

"चालते," चंपतराव म्हणाले आणि कोयरीची दांडी स्वतःच्या हाताने बंडीला बांधली. मोटारीसाठी काढलेला नकाशा, हातगाडीचा नंबर आणि पुढे बैलजोडी. तिन्ही गोष्टी एकाच वेळी नेणारी गाडी प्रांतात दुसरी नसावी. गाडी वळणाआड जाईपर्यंत चंपतराव हात हलवत उभे होते, नुसत्या बंडी-धोतरात, थंडीत.

दुपार चढता चढता रुपरावाने कोयरी तळ्याच्या काठी सोडली. दार एका बोरीच्या झाडाकडे आणि तळं पाठीमागे. वामनराव म्हणाले, "ये, तुला तळं दाखवतो." शामलाबाई म्हणाल्या, "आधी जरा आत बसून बघते." त्या आत गेल्या. खट्.

वामनराव बाहेर थांबले. बराच वेळ काही आवाज नाही. त्यांना काळजी वाटली, त्यांनी दाराला कान लावला. आतून बारीक, संथ घोरणं येत होतं. शामलाबाई घोरतात हे त्यांना तेव्हा कळलं. रोज तेच आधी निजत आणि तेच नंतर उठत. कळणार कसं?

गावातली माणसं जमू लागली. "आत देव हाय काय?" कोणी विचारलं. "बिमार हाय काय कोनी?"

"हळू बोला," वामनराव म्हणाले. "माझी बायको झोपली आहे."

"दिवसा?"

यावर कोणी तरी हसलं. पण रुपरावाची बायको प्रेमिला पुढे आली आणि तिने विचारलं, "किती दिसानं?"

वामनरावांना हिशेब करावा लागला. "लग्न झाल्यापासून," ते म्हणाले.

प्रेमिलाने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं आणि गलका थांबला. मग ती कोयरीभोवती एक फेरी मारून आली. "डोस्कं कोनीकडं हाय तिचं?" तिने कुजबुजत विचारलं.

"पुढच्या बाजूला."

"पुढं म्हंजे…" तिने सूर्याकडे पाहिलं. "अवं माय! उत्तरेले!"

आयुष्यभर प्रत्येक कागदावर उत्तरेचा बाण काढणाऱ्या माणसाने आपल्या बायकोचं डोकं नेमकं त्या बाणाच्या टोकावर ठेवलं होतं. महालात तुळशीला पाणी घालणाऱ्या शोभाताई त्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "उठवतो," ते पडलेल्या आवाजात म्हणाले.

"खबरदार!" प्रेमिला म्हणाली. "एवढ्या दिसानं निजली ते बाई, आन् उठवता? गाडीले चाकं काहून लावली मंग? फिरवा."

मग जे झालं ते वामनरावांनी पुढे कचेरीत कोणाला सांगितलं नाही, कारण तिथे ते कळलं नसतं. सहा माणसांनी पागोटी काढून ठेवली. चाक कुरकुरू नये म्हणून प्रेमिलाने आसाला जवसाचं तेल सोडलं. दोघांनी दांडी धरली, दोघांनी मागचा ओटा तोलला, एकाने चाकाला हात दिला, आणि एकजण पुढे वाकून खडे वेचत चालला. कोणी बोलत नव्हतं. वामनराव हाताने खुणा करत होते, सडकेवर दगडी रूळ फिरवून घेताना करत तसेच. कोयरी बोटाबोटाने वळू लागली. मधेच आतलं घोरणं थांबलं. सहाही माणसं होती तिथेच श्वास रोखून थांबली. एका म्हाताऱ्याला शिंक येत होती, त्याने नाक दाबून ती डोळ्यांतून काढली. घोरणं पुन्हा सुरू झालं आणि कोयरी पुन्हा चालू लागली, उशी दक्षिणेला येईपर्यंत.

उन्हं कलल्यावर आतून 'खट्' झालं. दार उघडलं आणि शामलाबाई पाय खाली सोडून बसल्या. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ. समोर पाणीच पाणी होतं, आणि त्यावर लाल ऊन.

त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. "मघाशी इथे बोरीचं झाड होतं," त्या म्हणाल्या.

"होतं."

"मग?"

वामनरावांनी चाकाच्या वळलेल्या खुणांवर पाय ठेवला. "चाकांवरच्या घराला दिशा असते," ते म्हणाले. "शोभाताईंना सांगू नको."

शामलाबाईंनी प्रेमिलाने ठेवलेल्या बोरांतलं एक तोंडात टाकलं. वामनराव मागच्या ओट्याशी घुटमळत होते. तिथे त्यांनी सगळे डबे उघडून झाकून पुन्हा उघडले होते.

"एक चूक झाली आहे," ते अखेर म्हणाले. "चहाची पत्तीच आणली नाही. लाकडाला इतका वास येत होता, मला वाटलं घेतलीच आहे."

"दोन दिवस चहा नाही?"

"नाही."

"करायचाच नाही?"

"करणार कसा?"

शामलाबाईंनी बोराची बी हातात घेतली, दूर पाण्यात भिरकावली, आणि आलेल्या वलयांकडे ती विरेपर्यंत पाहिलं. "फार छान आहे हो तळं," त्या म्हणाल्या. मग पाय वर घेतले, आत सरकल्या, डावीकडच्या उताराला अंग टाकलं, आणि दार ओढून घेतलं.

खट्.

तेवढ्यात बांधावरून कोणी दोघेजण मोठ्याने बोलत आले. वामनराव झटकन उठले आणि ओठांवर बोट ठेवून त्यांना सामोरे गेले.